आधी मायक्रोमीटर, मग ब्रासो

ज्याच्या लॉकरमध्ये ब्रासोची डबी नाही असा कॅडेट आपल्या शाळेत सापडणार नाही. बक्कल चमकले नाही तर इन्स्पेक्शनच्या दिवशी काय होते, हे मी इथे लिहायची गरज नाही. मला चकाकीविरुद्ध काही म्हणायचे नाही. पण गेल्या उन्हाळी सुट्टीत एका जुन्या बुलेटचे इंजिन बांधताना मला एक गोष्ट पटली. चकाकी हे शेवटचे काम आहे आणि आपण बहुतेक जण ते सगळ्यात आधी करतो.

जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करायची म्हटले की लोक रंग, क्रोम, नवी सीट आणि टाकीवरच्या सोनेरी रेघांबद्दल बोलू लागतात. त्यातच सगळे पैसे संपतात आणि इंजिन तसेच राहते. माझे मत उलटे आहे. हाती पैसे थोडे असतील तर ते आधी जिथे कोणाची नजर जात नाही तिथे घालावेत आणि घालण्यापूर्वी मोजून बघावे. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझ्याच एका चुकीतून शिकलो. ती चूक पुढे सांगणार आहे.

आमचे घर झाशीला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आजोबा तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. हे वर्कशॉप १८९५ पासून चालू आहे आणि झाशीतल्या कितीतरी घरांमध्ये कोणी ना कोणी तिथे काम केलेले असते. आजोबांची १९७३ सालची बुलेट ३५० अकरा वर्षे ओसरीत ताडपत्रीखाली उभी होती. किक दाबली तर जागची हलत नव्हती. बाबांचे म्हणणे होते की भंगारात द्यावी किंवा कोणी मागत असेल तर विकावी. आजोबा काहीच बोलले नाहीत. शेवटी ठरले ते असे : पंधरा हजार रुपये आणि माझी सुट्टी. त्यात इंजिन चालू झाले तर गाडी राहील, नाही झाले तर जाईल. पंधरा हजार आजोबांच्या पेन्शनमधले होते, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटत होती.

हेच इंजिन का?

आपल्या वाचकांना बुलेट नवी नाही. भारतीय लष्कराने १९५२ मध्ये ३५० सीसीच्या ८०० बुलेट इंग्लंडहून मागवल्या. त्या तिथल्या रेडिच गावात तयार होत. १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीबरोबर भागीदारी होऊन एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग येत आणि इथे जोडले जात. हळूहळू सगळे भाग इथेच होऊ लागले. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, पण इथला चालूच राहिला. १९७७ पासून तर बुलेट इथून उलट्या दिशेने इंग्लंडला जाऊ लागल्या.

कमी पैशात काम करणाऱ्याला या इतिहासाचा सरळ उपयोग आहे. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, लोखंडी सिलिंडर. हा आराखडा फार न बदलता अनेक दशके चालला. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे भाग आजही बाजारात मिळतात आणि ते काम जाणणारे मिस्त्रीही मिळतात. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. जावा आणि येझदी सुंदर गाड्या आहेत, पण त्यांच्या भागांसाठी जास्त हिंडावे लागते. पहिल्यांदाच इंजिन उघडणाऱ्याने आवडती गाडी निवडण्याऐवजी जिचे भाग मिळतात ती निवडावी, असे माझे मत आहे.

आणखी एक. पाना हातात घेण्यापूर्वी गाडीचे कागद बघावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आजोबांनी आरसी बुक जपून ठेवले होते. ते नसते तर एवढा खर्च करण्यात अर्थ नव्हता.

तीन पायऱ्या

लष्करात दुरुस्तीची कामे पायऱ्यांनी वाटलेली असतात. काही काम युनिटमध्येच होते, काही फील्ड वर्कशॉपमध्ये आणि मोठे काम बेस वर्कशॉपमध्ये जाते. ही पद्धत मला वर्गात समजली होती. सुट्टीत मी तीच वापरली. मला जमेल ते काम घरी. अनुभव लागतो ते सिपरी बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे. मशीन लागते ते लेथवाल्याकडे. मजुरीचे सगळ्यात जास्त पैसे पहिल्या पायरीवर वाचले, कारण तिथे मजुरी माझी होती.

मे महिन्यात झाशीत सकाळी दहानंतर ओसरीतल्या लोखंडाला हात लावता येत नाही. म्हणून मी पाच वाजता उठून काम करत असे. पीटीची सवय इथे कामी आली. अडकलेला पिस्टन सोडवायला प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी चाक फिरवून पिस्टन किंचित हलला. हातोडा मारला असता तर पिस्टनबरोबर बरेच काही फुटले असते.

जुन्या बुलेटच्या बऱ्याच नटांना जुनी ब्रिटिश मापे आहेत. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की घसरून नटाचे कोपरे खातो. माझा एक नट असा गेला. नंतर आजोबांच्या पेटीतले जुने पाने वापरले. प्रत्येक भाग काढला की आजी एक डबा द्यायची, त्यावर मी चिठ्ठी लावायचो आणि वहीत चित्र काढायचो. फोटो काढले तरी चित्र काढावे. चित्र काढताना वॉशर नटाच्या आत होता की बाहेर हे नीट बघावेच लागते.

माप

मी पहिल्याच आठवड्यात पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, चेन, सगळ्याची यादी करून मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी यादी उलटी ठेवली आणि म्हणाले, "बेटा, अभी कुछ मत खरीदो. पहले नापो." त्यांनी मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरायला शिकवले.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून परत फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त असते. खाली जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे मूळ माप शिल्लक असते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात अशी दोन मापे घ्यायची. तीही सकाळी, कारण धातू तापला की फुगतो. आमचा सिलिंडर वरच्या बाजूला जवळजवळ पाव मिलिमीटर झिजला होता. नुसत्या नव्या रिंगा घालून धूर थांबला नसता. रिबोअर करून पुढच्या साइझचा पिस्टन घालणे भागच होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि मगच सिलिंडर लेथवाल्याकडे न्यावा. पिस्टन हातात असला की तो त्याच्या मापानेच बोअर करतो.

मापाने खर्च वाढला तसा कमीही झाला. माझ्या यादीत दोन्ही व्हॉल्व्ह, टायमिंगची चाके आणि कॅम होते. मोजल्यावर आणि नीट बघितल्यावर ते सगळे चांगले निघाले. व्हॉल्व्ह फक्त ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासायचे होते. त्यात माझे दोन दिवस गेले आणि हाताला फोड आले. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतले. थेंब झिरपला की पुन्हा घासायचे. तिसऱ्या वेळी झिरपला नाही. टायमिंग कव्हरचे कागदी गॅस्केटही घरीच कापले. कागद कव्हरवर धरून कडेने छोट्या हातोडीने हलके ठोकत गेले की तो बरोबर आकारात कापला जातो.

सगळ्यात मोठा खर्च सगळ्यात आतल्या भागावर झाला. कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला फ्लायव्हीलच्या पिनवर फिरतो, त्याला बिग एंड म्हणतात. रॉड आडवा थोडा हलला तर चालतो, पण वर-खाली हलता कामा नये. आमचा हलत होता. पिन, बुश आणि रॉड बदलून दोन्ही फ्लायव्हील पुन्हा एका रेषेत आणायची हे काम तांब्याच्या हातोड्याने आणि डायल गेजवर बघत करावे लागते. ते मिस्त्रीकाकांनी केले. मी फक्त सुई बघत बसलो.

हिशेब असा झाला. फ्लायव्हील आणि बिग एंड ५,२०० रुपये. पिस्टन आणि रिबोअर ३,६००. हेडचे गाइड आणि लेथचे काम १,५००. बेअरिंग, सील आणि बाकीची गॅस्केट १,९००. तेल, प्लग, पॉइंट आणि किरकोळ १,४००. एकूण १३,६००. रंगावर शून्य. टाकी आजही गंजलेली आहे.

माझी चूक

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

बुलेटमध्ये टायमिंग कव्हरमधून फ्लायव्हीलकडे तेल जाते आणि तिथून बिग एंडला पोहोचते. त्या वाटेवर एक छोटे कॉर्कचे सील असते. ते जुने होऊन कडक झाले की तेल तिथेच बाजूला गळते आणि आत कमी पोहोचते. सीलची किंमत दोन समोशांएवढी. पण ज्या दिवशी मी कव्हर बसवत होतो त्या दिवशी ते दुकानात नव्हते. परत जायला उन्हात सिपरी बाजारापर्यंत सायकल मारावी लागली असती. मी जुनेच सील पुसून बसवले. वहीत मात्र "सर्व सील नवी" या ओळीसमोर टिक केली.

मित्रांनो, ही टिक आपण सगळे ओळखतो. किटच्या यादीत हरवलेल्या मोज्यासमोर केलेली टिक तीच असते.

दुसऱ्या दिवशी प्लग काढून किक मारत इंजिन फिरवले. वर रॉकरपाशी तेल आलेले दिसले. घरातले सगळे खूश झाले. पण वर तेल दिसले म्हणजे खाली बिग एंडला ते पोहोचतेच असे नाही. तो रस्ता वेगळा आहे. हे मला माहीत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजोबांच्या पेन्शनमधले ५,२०० रुपये ज्या बेअरिंगमध्ये गेले होते, ते मी दोन समोशांच्या सीलसाठी पणाला लावले होते. तेही एक वेळ ठीक. मी पंधरा वर्षांचा आहे, म्हणून अजून काही वर्षे ही गाडी मला रस्त्यावर चालवता येणार नाही. ती बाबा चालवणार होते. इंजिन रस्त्यात जाम झाले आणि मागचे चाक अडकले, तर पडणार ते होते.

पहाटे पाच वाजता मी आजोबांना सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "वहीत काय लिहिलं आहेस?"

मी म्हटले, "नवं लिहिलंय."

"मग आधी वही दुरुस्त कर. कव्हर नंतर उघडू."

मी ती टिक खोडली आणि शेजारी खरे लिहिले. मग कव्हर उघडले. सील एका बाजूने तुटले होते. नवे सील आणायला एक दिवस, पुन्हा गॅस्केट कापून कव्हर बसवायला दुसरा. तिसऱ्या दिवशी माझी शाळेची गाडी होती. पॉइंटचा गॅप आणि टायमिंग बघायचे राहून गेले. इंजिन सुरू झालेले मी पाहिलेच नाही.

काटकसर आणि चालढकल

या सगळ्यातून माझे मत बनले ते असे. जुनी वस्तू दुरुस्त करताना लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, सगळे बदलून टाका. दुसरे म्हणतात, चालतेय तोवर चालू दे. दोघांनाही मोजायचा कंटाळा असतो. पहिल्यांचे पैसे जातात, दुसऱ्यांचे इंजिन जाते.

काटकसर वेगळी आणि चालढकल वेगळी. गॅस्केट घरी कापले, व्हॉल्व्ह हाताने घासले, टाकी रंगवली नाही, ही काटकसर. तिथे पैशाच्या जागी मी माझे कष्ट घातले. जुने सील पुसून बसवले ही चालढकल. तिथे मी पैसे आणि कष्ट दोन्ही वाचवले आणि त्याचे बिल बाबांच्या नावावर फाडले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फसायला होते. मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हे जे मी वाचवतो आहे, त्याची किंमत पुढे दुसरा कोणी देणार आहे का? उत्तर हो असेल तर तिथे वाचवायचे नाही.

काही जण म्हणतील की एवढ्या पैशात आणि वेळात दुसरे काही झाले असते. बाबांचेही तेच म्हणणे होते आणि ते चूक नव्हते. जी गाडी पुरती गेली आहे, जिचे कागद नाहीत, जिचे भाग मिळत नाहीत, ती सोडून द्यावी हे मलाही मान्य आहे. पण हेसुद्धा उघडून, मोजून ठरवावे. ताडपत्रीवरून ठरवू नये.

शाळेला एक विनंती

माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे की शाळेच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक हाउसला एक जुने, बंद इंजिन मिळावे. नव्या मॉडेलची गरज नाही. कोणाच्या तरी घरी पडून असलेले स्कूटरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन चालेल. पेट्रोल काढून टाकलेले असावे आणि काम निदेशकांच्या समोरच व्हावे. वर्षाच्या शेवटी ते चालू झालेच पाहिजे अशी अट नको. गुण वहीला द्यावेत : मापे बरोबर आहेत का, काय बदलले आणि का, काय ठेवले आणि का. जिथे चूक झाली तिथे ती लिहिली असेल तर गुण कापू नयेत. तसे केले नाही तर आम्ही काय करू हे मी वर सांगितलेच आहे.

इन्स्पेक्शनही चालू राहो. बक्कल मी अजूनही चमकवतो. पण ज्या यादीवर सही करतो, ती आता आधी मोजतो.

शाळेत परतल्यावर दुसऱ्या रविवारी घरी फोन केला. मिस्त्रीकाकांनी पॉइंट आणि टायमिंग बघून दिले होते. किक कशी मारायची हे आजोबांनी बाबांना शिकवले होते : अँमीटरची सुई मधे येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि मगच पूर्ण किक मारायची. बाबांना चौथ्या किकला जमले. आजोबांनी फोन इंजिनाजवळ धरला. माझ्या मागे रांगेत उभे असलेले तिघे जण "लवकर कर" म्हणत होते, म्हणून मी अर्धाच मिनिट ऐकू शकलो.

गाडी राहिली आहे. टाकीला रंग पुढच्या सुट्टीत, पैसे उरले तर.